खरेदीला गेल्यावर बसावं कुठे

माझ्या मेहुणीचं पत्र आलं, मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. शब्दकोशात अशासाठी, की तो मी रोज उघडतो, म्हणजे पत्र रोज डोळ्यांसमोर येईल. ते यायचंच. मी ते हलक्या हाताने बाजूला सरकवून हवा तो शब्द बघायचो आणि पुन्हा जागेवर ठेवायचो. स्वतःला आठवण राहावी म्हणून ठेवलेली वस्तू माणूस किती सफाईने चुकवू शकतो, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. मला सांगितलं तर मी लिहीन, पण वेळेत पुरा करीन असं वचन देत नाही.

मेहुणी पत्रच लिहिते. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही. त्यामुळे आमचं फोनवरचं संभाषण म्हणजे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने "हॅलो".

पत्रात तिने लिहिलं होतं: "भाऊजी, ताई गेल्यापासून तिकडे येणं झालंच नाही. तुमचं शहर म्हणजे फॅशनचं माहेरघर. ताईच्या पत्रांत नेहमी असायचं, या शनिवारी आम्ही दोघांनी कोटाचं कापड घेतलं, या शनिवारी आम्ही दोघांनी चीज आणलं. पण दुकान कुठलं, ते तिने कधी लिहिलं नाही. मला चार दिवस यायचंय. ताई जिथे जिथे जायची तिथे तिथे जायचंय. एक चांगला कोट शिवायचाय आणि ती आणायची तो अक्रोडाचा पाव खायचाय. कपडे कुठे घ्यावेत, खायचं कुठून आणावं, सगळं सविस्तर कळवा. तुम्हाला तर तोंडपाठ असणार. दर शनिवारी तुम्ही तिच्याबरोबर असायचात ना!"

दर शनिवारी मी बरोबर असायचो, हे अगदी खरं आहे. न्यायाधीशासमोर हात वर करून सांगेन. फक्त त्याने पुढचा प्रश्न विचारू नये. कारण मी आत कधी गेलो नाही.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. आठवडाभर लोकांच्या चुका वाचल्यावर शनिवारी मला काहीतरी शुद्ध वाचायची भूक लागायची. आमची ही दुकानात शिरायची आणि मी बाहेर बसून पुस्तक काढायचो. असं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालत आलं. त्यामुळे या शहरातली बाजारपेठ मला अगदी बारकाईने माहीत आहे, पण बसल्या जागेवरून. शिंप्याकडच्या स्टुलाचा एक पाय आखूड, त्यामुळे तिथे कविता वाचाव्यात, जाड ग्रंथ घेऊन बसलं की स्टूल डुगडुगतं. बुटांच्या दुकानाबाहेर खांबाला टेकून उजेड चांगला मिळतो. बेकरीच्या भिंतीला दगडी कट्टा आहे आणि पलीकडे भट्टी असल्यामुळे थंडीत तो पाठीला गरम लागतो. प्रवासवर्णनं मी सगळी तिथेच वाचली. मासळीवाल्याकडे बसायला जागाच नाही, म्हणून मासे ती एकटी आणायची. आत काय मिळतं, कितीला मिळतं, बरं की वाईट, यातलं मला काही माहीत नाही. ती बाहेर यायची, जड पिशवी माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "फार वेळ लागला का हो?" मी पुस्तक मिटून म्हणायचो, "चालायचंच." ते मी अशा आवाजात म्हणायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थाने संसारासाठी फार सोसलंय.

तर हे मेहुणीला कसं कळवणार? जिची बहीण पत्रापत्रांतून "आम्ही दोघांनी" लिहीत गेली, तिला "मी बाहेर होतो" असं लिहायचं? मी पत्र पुन्हा शब्दकोशात ठेवलं.

मग तिचं कार्ड आलं. त्यावर चारच ओळी होत्या. "भाऊजी, पत्र मिळालं नसेल असं समजते. मिळालं असेल तर मी यावं असं तुम्हाला वाटत नसेल असं समजते. ताई गेली तसं ते घरही आमच्यापुरतं मिटलं म्हणायचं. रागावलेली नाही. प्रकृतीला जपा."

'रागावलेली नाही' हे शब्द ज्याला आयुष्यात कधी कुणी लिहिले आहेत, त्याला त्यांचं वजन सांगायला नको. आमच्या हिच्या माणसांपैकी मेहुणीच एक उरलेली. तिच्यापर्यंतची वाट माझ्या आळसाने बुजली तर वर गेल्यावर मी हिला काय तोंड दाखवणार? मी ठरवलं, आता उत्तर लिहायचं. आणि लिहायचं तर माहिती काढून, पूर्ण, बिनचूक. इथेच मी चुकलो. तेव्हाच दोन ओळी खरडल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं.

माहितीसाठी मी तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या सोसायटीच्या खजिनदारांकडे गेलो. हे गृहस्थ कुठल्याही प्रश्नावर आधी चष्मा काढतात, म्हणजे प्रश्न गंभीर आहे हे आपल्याला कळतं.

"कोट कुठे शिवावा आणि पाव कुठून आणावा," त्यांनी चष्मा काढत म्हटलं. "पुस्तककाका, हा एकट्यादुकट्याचा विषय नाही. सभासदांचं मत घ्यायला हवं."

"अहो, मला फक्त दोन-चार दुकानं—"

"तुम्ही काळजी सोडा."

मी काळजी सोडली आणि ती त्यांनी उचलून सूचनाफलकावर लावली. दुसऱ्या दिवशी तिथे टंकलेला कागद: "एका ज्येष्ठ सभासदास शहरातील उत्तम कपडे व खाद्यपदार्थ यांच्या दुकानांची माहिती हवी आहे. सूचना लेखी द्याव्यात. तोंडी सूचना ग्राह्य धरल्या जाणार नाहीत." ज्येष्ठ सभासद म्हणून माझं नाव नव्हतं, पण खाली "पुस्तके वाचणारे" असं कंसात होतं. आमच्या इमारतीत हे वर्णन दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही.

दोन दिवसांत जिन्यात मला गाठून लोक सल्ले देऊ लागले. लेखी कुणीच दिले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, पाव विकत घेणं हाच मूर्खपणा आहे, मी तुम्हाला घरी भट्टी बांधून देतो. त्यांच्या बायकोने मागून हाताने 'नको, नको' अशी खूण केली. कुणी म्हणालं, जुन्या बाजारात आता काही राम राहिला नाही. कुणी म्हणालं, राम फक्त तिथेच राहिलाय. शेवटी खजिनदारांनी रविवारी सकाळी सभा बोलावली. विषय: पाव. सभा पावावरून पाण्याच्या पंपावर गेली, पंपावरून इंजिनिअरांनी जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या सायकलवर आली आणि सायकलीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "पावाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब." त्या दोन घरांतले लोक आजही जिन्यात भेटले की एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघतात.

सुनेला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते. "बाबा, इतका त्रास कशाला? मावशींना म्हणावं, सगळं फोनवर मागवा. घरी बसल्या येतं."

"तिला घरी बसायचं नाहीये गं. तिला यायचंय."

"मग यायला सांगा ना!"

"तेच तर लिहायचंय."

"मग लिहा ना!"

तरुण लोकांना गोष्टी किती सोप्या वाटतात. मी फोन ठेवला.

पण माझी खरी दया आली ती समोरच्या दारातल्या पार्लरवाल्या वहिनींना. वहिनी म्हणजे चालतं फॅशनचं मासिक. त्या म्हणाल्या, "काका, बिल्डिंगवाल्यांना काय विचारता? यांचे कपडे बघितलेत? उद्या माझ्याबरोबर चला. नवीन पेठेत नेते. हल्ली चांगलं सगळं तिकडेच." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्याकडे दुसरा कोट नाही का?"

"का? याला काय झालं?"

"झालं काही नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, त्या आवाजात.

हा कोट हिने शिवून घेतलेला. गडद तपकिरी, जाड लोकरी, कोपरांना चामड्याचे तुकडे. मी तोच घालून गेलो. स्वाभिमान म्हणून नव्हे, दुसरा नव्हताच.

नवीन पेठ म्हणजे नुसती काच. काय दार आणि काय भिंत ते आपटल्याशिवाय कळत नाही. मी एकदा आपटलो. पहिल्याच दुकानात वहिनी म्हणाल्या, "काका, मी पटकन वर जाऊन येते, तुम्ही इथलं बघून ठेवा," आणि सरकत्या जिन्याने दिसेनाशा झाल्या. त्यांचा 'पटकन' मला ठाऊक नव्हता, पण बायकांच्या 'पटकन'शी माझी जुनी ओळख. पाय आपोआप बसायची जागा शोधू लागले.

जागा नव्हती. त्या एवढ्या मोठ्या दुकानात एक स्टूल, एक बाक, एक पायरी नव्हती. जुन्या काळचे दुकानदार फार शिकलेले नसतील, पण बायको आत गेली की नवरा कुठेतरी उरतो एवढं त्यांना कळत होतं. शेवटी एक खुर्ची दिसली. जांभळ्या मखमलीची, थोड्या उंचावर, दर्शनी काचेपाशी. शेजारी डोकी नसलेले दोन पुतळे उभे. मी मनात म्हटलं, यांना बसायची गरज नाही, मला आहे. बसलो. उजेड छान होता. कोटाच्या आतल्या खिशातून पुस्तक काढलं. मिठाच्या व्यापाराचा इतिहास. थोड्या वेळाने मी या जगात नव्हतो, मिठाच्या काफिल्याबरोबर वाळवंटात होतो.

काचेवर टकटक झाली म्हणून वर पाहिलं, तर बाहेर माणसांचा घोळका. दोन मुली काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं म्हणणं काचेतूनही ऐकू येत होतं.

"खरा आहे."

"छे गं! मेणाचा आहे. हात बघ की."

पैज कशाची लागली ते कळलं नाही. मी मेणाचा नाही हे कसं सिद्ध करावं हेही सुचेना, म्हणून मी नेहमीचं काम केलं. पान उलटलं. मेणाचा म्हणणारी मुलगी किंचाळली आणि मागे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातातलं आइस्क्रीम त्यांच्या शर्टावर गेलं.

तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर आला. पोरगेलासा, दाढी कोरलेली.

"आजोबा, ही खुर्ची डिस्प्लेची आहे."

"बसायची नाही?"

"बसायचीच आहे. पण घरी. विकत घेऊन."

"मला विकत घ्यायची नाहीये."

"मग उठा ना, प्लीज."

एवढ्या लोकांसमोर खुर्चीवरून उठवला जाण्याची माझी पहिलीच वेळ. मी उठलो, पुस्तक खिशात घातलं आणि शक्य तितक्या शांतपणे दाराकडे निघालो. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि छतातून असा काही भोंगा वाजू लागला की आग लागलीय म्हणून मीच ओरडलो. पहारेकऱ्याने माझा दंड धरला. खुर्चीच्या हाताला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी, तिच्यातल्या चोरपट्टीसकट, माझ्या बाहीच्या बटणात अडकून आली होती. म्हणजे कागदोपत्री बघता, मी एक मखमली खुर्ची घेऊन पळत होतो.

मॅनेजर, पहारेकरी आणि एक विक्रेती मुलगी अशा तिघांनी माझी तपासणी केली. वहिनी नेमक्या तेव्हा सरकत्या जिन्याने खाली येत होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "काका, काय घेतलंत?" माझी उरलीसुरली अब्रू तिथे गेली.

विक्रेती मुलगी मात्र माझ्या कोटाचं अस्तर उलटसुलट करून बघत होती. "सर, हा आतला खिसा बघा," ती मॅनेजरला म्हणाली. "केवढा खोल! आणि खाली दुहेरी शिवण. पुस्तक ठेवलं तरी कोट एका बाजूला ओढला जात नाही. आपल्या एकाही कोटाला असा खिसा नाहीये." मग माझ्याकडे वळून डोळे मोठे करून तिने विचारलं, "आजोबा, कुठून घेतलात हो हा?"

चांगला कोट कुठे मिळतो? शहरातल्या सगळ्यांत फॅशनेबल दुकानात, सगळ्यांत फॅशनेबल मुलगी मला विचारत होती. आणि मी, जो याच प्रश्नाचं उत्तर शोधत चोर ठरलो होतो, तो कोट अंगात घालून उभा होतो आणि म्हणत होतो, "मला माहीत नाही."

घरी येताना वहिनी फार चांगल्या वागल्या. एकदाच हसल्या, तेही रस्ता ओलांडल्यावर.

पुढच्या शनिवारी मी एकटाच जुन्या बाजारात गेलो. ही गेल्यापासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. कारण काही मोठं नाही. हातात पिशवी घेऊन बाहेर कुणासाठी बसायचं? बाजार बराच बदलला होता. बुटांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. खांब मात्र होता. शिंपी नेमका कुठला, हे मला समोरून ओळखू येईना. मग मी बाकीची दुकानं सोडून खाली बघत चाललो आणि एका दाराबाहेर आखूड पायाचं स्टूल दिसलं.

शिंपी म्हातारा झाला होता. नजर कापडावरच.

"हा कोट तुमच्याकडे शिवलाय का?" मी विचारलं.

"पावती?"

"पावती कुठली असणार इतक्या वर्षांची? माझी पत्नी यायची तुमच्याकडे."

"पुष्कळ बायका येतात. कशा होत्या दिसायला?"

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार? उंचीला माझ्या खांद्याएवढी. हसताना हात तोंडावर न्यायची. जिना चढताना गुणगुणायची. यातलं शिंप्याच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. "सावळी होती," मी म्हणालो.

"सावळ्या पुष्कळ येतात. पावती आणा, मग बघू."

मी बाहेर आलो. पाय दुखत होते, स्टूल समोर होतं. बसलो. ते डुगडुगलं. हात सवयीने खिशात गेला, पुस्तक निघालं, चष्मा नाकावर सरकला.

आतून कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "अरे! अहो, हे तुम्ही होय!"

शिंपी दारात उभा होता. "आधी सांगायचं नाही का? उभे राहिलात तर कोण ओळखणार तुम्हाला? मी तुम्हाला असंच बघितलंय, एवढंच," असं म्हणून त्याने चेहऱ्यासमोर तळहात पुस्तकासारखा उघडा धरला. "टक्कल आणि चष्म्याची वरची कड. बाकी सगळं पुस्तक!"

मग त्याने आपण होऊन कोटाची बाजू उघडली. "हा खिसा. बाईंनी तीनदा उसवायला लावला. पहिल्यांदा म्हणाल्या, लहान झाला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मावतं पण कोपरा बाहेर येतो. तिसऱ्यांदा घरून एक जाडजूड पुस्तकच घेऊन आल्या मापाला. मी म्हटलं, बाई, माणसाचं माप घेऊ द्या की आधी! तर म्हणाल्या, माणूस कसाही बसेल, पुस्तक नीट बसायला हवं." तो हसला. मग त्याने विचारलं, "बऱ्या आहेत ना?"

मी मान हलवली. त्याला कळलं. तो कापडाची सुरकुती उगाच सारखी करत राहिला.

"बेकरीत गेलात का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "जा. पण तिथे काउंटरवर जाऊन विचारत बसू नका. कट्ट्यावर बसा."

कट्टा होता. भट्टी चालू होती, पाठीला तीच ऊब. पुस्तक उघडलं, पण खरं सांगायचं तर डोळे एका ओळीवरच होते. काफिला जागचा हलेना.

बेकरीवाल्या बाई बाहेर आल्या. हात पिठाने पांढरे. काही न विचारता माझ्या शेजारी बसल्या.

"मला वाटलंच होतं, एक ना एक दिवस याल. बातमी कळली होती मला. फार दिवस वाट बघितली हो तुमची."

"तिला इथला अक्रोडाचा पाव आवडायचा," मी म्हणालो.

"त्यांना? छे! त्यांना साधाच आवडायचा. अक्रोडाचा तुमच्यासाठी. भाजायला वेळ लागतो ना त्याला."

मला अर्थ लागला नाही. बाई हसल्या. "अहो, त्यांची खरेदी चुटकीसरशी व्हायची. काय हवं ते घरून ठरवून यायच्या. मग त्या काउंटरला टेकून उभ्या राहायच्या, त्या बाजूच्या जाळीतून तुमचा चेहरा तिरका दिसतो. मी म्हणायचे, ताई, झालं ना, चला की, बाहेर ताटकळलेत बिचारे. तर म्हणायच्या, थांब गं, त्यांचं प्रकरण संपू दे. संपत आलं की त्यांचे ओठ हलतात. मग आम्ही दोघी बघत राहायचो, ओठ कधी हलतात. प्रकरण संपलं की तुम्ही चष्मा काढून पुसता. तुम्ही चष्मा पुसलात की त्या पिशवी उचलायच्या आणि बाहेर येऊन—"

"फार वेळ लागला का हो," मी म्हणालो.

"अगदी तसंच म्हणायच्या!"

मी चष्मा काढला. पुसायलाच हवा होता. बाईंनी दुसरीकडे बघितलं.

सगळी वर्षं मी समजत होतो की मी तिच्यासाठी थांबतोय. छापखान्यात मित्रांना सांगायचो, शनिवार आमचा हमालीचा. आणि ती आत उभी राहून माझ्या ओठांकडे बघत होती. पायाला कळ लागली असेल. एकदाही बोलली नाही. मी 'चालायचंच' म्हणायचो तेव्हा तोंडावर हात मात्र न्यायची. ते हसणं होतं हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

घरी येऊन मी उत्तर लिहायला बसलो आणि लिहीतच गेलो. जुन्या सवयीने समास सोडून, आडव्या रेघा मारून. शिंपी, बेकरी, स्टुलाच्या पायाचा इतिहास, कट्ट्याचं तापमान, नव्या पेठेत काचेपासून कसं जपावं, खजिनदारांच्या सभेचा वृत्तान्त, पुरवणी, पुरवणीचं शुद्धिपत्र. पाकीट फुगून उशीसारखं झालं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची टपालपेटी गाठली, तर तिचं तोंड पत्रा ठोकून बंद केलेलं आणि आत चिमण्यांचं घर. तेव्हा मोठ्या टपाल कचेरीत गेलो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवलं आणि काट्याकडे नाराजीने पाहिलं. "काय आहे आत?"

"पत्र."

"पुस्तक असेल तर वेगळा दर."

"पत्रच आहे."

"एवढं?" त्यांनी खण उघडला, बंद केला. "एवढ्या वजनाची तिकिटं नाहीत. शिक्क्याचं मशीन बिघडलंय. सोमवारी या."

"सोमवारी जमणार नाही हो. आधीच फार उशीर झालाय."

"मग वजन कमी करा."

मागे रांग होती. मी खिडकीशेजारच्या टेबलावर पाकीट फोडलं. आधी शुद्धिपत्र काढलं. मग पुरवणी. मग खजिनदार. जड गेलं, कारण तो भाग चांगला उतरला होता. मग नवीन पेठ, खुर्ची, भोंगा. शेवटी हातात सगळ्यांत वरचा एकच कागद उरला, जो मी सुरुवातीला घाईत लिहिला होता आणि फार त्रोटक वाटला म्हणून पुढे वाढवत नेला होता. तो वाचला.

"तुझं पत्र मिळालं होतं. घर मिटलेलं नाही. दुकानांतलं मला काही कळत नाही, कारण मी आत कधी गेलो नाही. पण तुझी ताई कुठे जायची ते मला बाहेरून पक्कं माहीत आहे, आणि आत तिला ओळखणारी माणसं आहेत. कोट शिवायचा असेल तर खिसा सांगून करून घे. तू ये. मी बरोबर येईन, बाहेर बसेन, पिशवी धरीन. पुस्तक आणीन, पण मध्येच मिटता येईल असं. तुझं झालं की लगेच बाहेर ये. माझं प्रकरण संपायची वाट बघू नकोस."

शेवटची ओळ तिला कळणार नाही. आली की विचारेल, तेव्हा कट्ट्यावर बसून सांगेन.

नवं पाकीट घेतलं, तिकीट चिकटवलं. काढलेले कागद खिशात घातले. एवढे कागद आणि वर मिठाचा इतिहास, तरी कोट सरळच राहिला. दारातल्या पेटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि पत्ता बरोबर आहे ना हे बघायला पुन्हा थोडं ओढलं. असं दोनदा झालं.

"आजोबा, झालं का?" मागून कुणीतरी बाई म्हणाल्या.

"झालंच," मी म्हणालो. "फार वेळ लागला का हो?"

"चालायचंच," त्या म्हणाल्या.

मी पाकीट सोडलं.